बंद पडलेला बीबीसी मायक्रो : दोष शोधण्याची रीत

माळ्यावरून किंवा शाळेच्या अडगळीच्या खोलीतून एखादा जुना संगणक खाली आला, की भोवती जमलेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट करावीशी वाटते. ती म्हणजे प्लग लावून बटण दाबून पाहणे. चाळीस वर्षे पडून राहिलेल्या यंत्राच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट सर्वांत शेवटी करावयाची असते. घाईने दिलेल्या विजेमुळे बऱ्याच अंशी धडधाकट असलेली यंत्रेही निकामी होऊ शकतात आणि मग त्यांची रवानगी भंगाराच्या गाडीवर होते. अशा यंत्राची तपासणी कोणत्या क्रमाने करावी, प्रत्येक पायरीवर यंत्र आपल्याला काय सांगत असते आणि त्यावरून दोषाचे मूळ कसे गाठावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विवेचनासाठी बीबीसी मायक्रो या संगणकाचे उदाहरण घेतले आहे. भारतातील शालेय संगणकशिक्षणाचा आरंभ ज्या यंत्रावर झाला ते हे यंत्र होय. शिवाय त्याची रचना अशी आहे, की इयत्ता नववी-दहावीचा विद्यार्थी चिकाटी धरील तर ते अथपासून इतिपर्यंत समजून घेऊ शकेल. आजच्या संगणकाविषयी असे म्हणता येणार नाही.

यंत्राची ओळख

इंग्लंडमधील केंब्रिज येथील एकॉर्न कॉम्प्युटर्स या कंपनीने डिसेंबर १९८१ मध्ये हा संगणक बाजारात आणला. ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने, म्हणजेच बीबीसीने, सामान्य जनतेला संगणकाची ओळख करून देण्यासाठी दूरचित्रवाणीवर एक मालिका आखली होती आणि तिच्या जोडीला घरोघरी वापरता येईल असे यंत्र त्या संस्थेला हवे होते. त्यासाठी एकॉर्नची निवड झाली. स्टीव्ह फर्बर आणि सोफी विल्सन हे या यंत्राच्या रचनाकारांपैकी प्रमुख होत. पुढे याच दोघांनी 'आर्म' या प्रोसेसरची आखणी केली. त्याची पहिली चिप एप्रिल १९८५ मध्ये चालू झाली. आपल्या हातातील मोबाइल फोनचा प्रोसेसर बहुधा त्याच घराण्यातला असतो.

आपल्या देशात १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाचे शिक्षण मंत्रालय आणि इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांनी मिळून 'क्लास' या नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला. आरंभी २५० माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळा त्यासाठी निवडण्यात आल्या आणि त्यांना बीबीसी मायक्रो पुरविण्यात आले. मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने हेच यंत्र परवान्याखाली 'युनिकॉर्न' या नावानेही तयार केले. त्यामुळे एखाद्या जुन्या शाळेच्या कपाटात किंवा निवृत्त शिक्षकांच्या घरी हे यंत्र आजही आढळणे अशक्य नाही.

या यंत्राच्या 'मॉडेल बी' या प्रकारात ६५०२ हा प्रोसेसर असून तो सेकंदाला वीस लाख ठोक्यांच्या गतीने चालतो. काम करण्यासाठीची स्मृती ३२ किलोबाइट आहे. कार्यप्रणाली आणि बेसिक ही भाषा प्रत्येकी १६ किलोबाइटच्या कायमस्वरूपी स्मृतीत, म्हणजे रॉम चिपांमध्ये, कोरलेली असते. कळफलक, प्रोसेसर, स्मृती आणि वीजपुरवठा हे सारे एकाच फिकट पिवळसर पेटीत सामावलेले असते. पेटीचे झाकण उघडण्यासाठी मागील बाजूस दोन आणि तळाशी पुढील बाजूस दोन असे चार स्क्रू काढावे लागतात.

बटण दाबण्यापूर्वी

झाकण काढल्यानंतर डाव्या हाताला धातूची एक बंद पेटी दिसते. तोच वीजपुरवठा. घरातील २३० व्होल्टची वीज तेथे प्रथम सरळ, म्हणजे एकदिश, केली जाते आणि नंतर तिचे ५ व्होल्टमध्ये रूपांतर होते. २३० व्होल्टची वीज सरळ केली असता तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो आणि तो पेटीतील मोठ्या कपॅसिटरमध्ये साठून राहतो. प्लग काढल्यानंतरही तो काही काळ तेथे टिकतो व माणसाचा प्राण घेऊ शकतो. म्हणून ही धातूची पेटी विद्यार्थ्यांनी स्वतः उघडू नये. ते काम जाणत्या तंत्रज्ञाकडेच द्यावे. संगणकाची मुख्य पाटी मात्र ५ व्होल्टवर चालते. प्लग काढलेला असताना तिला हात लावण्यात धोका नाही.

याच पेटीत आत येणाऱ्या विजेतील खरखर गाळण्यासाठी बसविलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. ते कागदाच्या थरांचे असून पारदर्शक पिवळसर वेष्टनात बंद केलेले असतात. वर्षे लोटली की वेष्टनाला बारीक तडे जातात आणि हवेतील ओल आतील कागदात शिरते. कोकणात किंवा मुंबईत चाळीस पावसाळे काढलेल्या यंत्राच्या बाबतीत हे अधिकच संभवते. अशा यंत्राला वीज दिली, की काही मिनिटांतच हे कपॅसिटर फुटतात, दाट धूर निघतो आणि उग्र दर्प खोलीभर पसरतो. पाहणाऱ्याला वाटते, संगणक जळाला. वस्तुतः हे कपॅसिटर केवळ गाळणीचे काम करीत असल्याने मुख्य पाटीला बहुधा काहीही झालेले नसते. धूर पाहून यंत्र टाकून देणे चुकीचे ठरते ते यासाठीच.

यावरील उपाय स्वस्त आणि सोपा आहे. वीज देण्यापूर्वीच हे दोन्ही कपॅसिटर तंत्रज्ञाकडून बदलून घ्यावेत. नवीन कपॅसिटर 'एक्स-टू' या सुरक्षा-वर्गाचेच असावेत, कारण थेट घरगुती विजेवर बसणाऱ्या भागाने बिघडतानादेखील आग लावू नये, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. साध्या कपॅसिटरकडून ती धरता येत नाही. त्याच वेळी पेटीतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही तपासून घ्यावेत. त्यांतील द्रव कालांतराने सुकतो आणि मग पुरवठा सुरूच होत नाही किंवा अडखळत सुरू होतो.

मुख्य पाटीवरही एक नजर फिरवावी. गंजलेले स्क्रू, उंदराने कुरतडलेल्या तारा, पाण्याचे डाग, सैल पडलेला एखादा सुटा स्क्रू हे सारे डोळ्यांनी दिसते. मॉडेल बी मध्ये बॅटरी नसते, ही समाधानाची गोष्ट आहे. त्यानंतरच्या काही यंत्रांत बॅटरी असते आणि ती पाझरून पाटीवरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. अशा यंत्राची बॅटरी दुरुस्तीचा विचार करण्यापूर्वीच काढून टाकावी.

विजेचा दाब

वीजपुरवठा सुरक्षित झाल्यावर पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा, की प्रत्येक भागापर्यंत वीज पोचते आहे काय? त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरेसा आहे. पुरवठ्याच्या पेटीतून तीन लाल, तीन काळ्या आणि एक जांभळी अशा तारा मुख्य पाटीकडे येतात. लाल व काळ्या तारेमध्ये ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत, ४.७५ ते ५.२५ ही मर्यादा चालते. जांभळ्या तारेवर उणे ५ व्होल्ट असतात व ते प्रामुख्याने ध्वनीच्या आणि बाह्य जोडणीच्या भागाला लागतात.

तीन लाल तारा एकाच दाबाच्या असल्या तरी त्या पाटीवर तीन वेगवेगळ्या जागी जोडलेल्या असतात. त्यांच्या टोकांचे चपटे लग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सैल पडतात. एक लग सैल असला, की पाटीचा काही भाग चालतो आणि काही भाग उपाशी राहतो. अशा वेळी दिसणारी लक्षणे विलक्षण गोंधळात टाकणारी असतात. म्हणून दाब केवळ तारेच्या टोकाशी न मोजता चिपच्या पायावरही मोजावा. ६५०२ प्रोसेसरच्या आठव्या पायावर ५ व्होल्ट आणि पहिल्या पायावर शून्य असते. तारेवर ५ आणि चिपवर ४.४ असा फरक मिळाला, तर दोष या दोहोंमधील जोडणीत आहे, चिपमध्ये नाही, हे सिद्ध होते. एका मोजणीने शंकेचे क्षेत्र निम्म्याने कमी होते. सारी दुरुस्ती याच तत्त्वावर चालते.

यंत्राचे पहिले बोल

बीबीसी मायक्रो सुरू होताना दोन आवाज करतो. बटण दाबताच एक खालच्या पट्टीतला स्वर उमटतो, क्षणार्धात तो थांबतो आणि पाठोपाठ वरच्या पट्टीतला एक छोटा स्वर येतो. यामागील कारण जाणून घेण्यासारखे आहे. वीज मिळताच ध्वनीची चिप कोणाच्याही आज्ञेवाचून गुणगुणू लागते. प्रोसेसर जागा होऊन कार्यप्रणाली वाचू लागला, की तो प्रथम तिला गप्प करतो. सर्व सिद्धता झाल्यावर तो स्वतः आज्ञा देऊन दुसरा स्वर काढतो. म्हणजे पहिला स्वर विजेचा आणि दुसरा स्वर प्रोसेसरचा.

एवढे समजले, की केवळ कानाने यंत्राचे दोष चार गटांत विभागता येतात. आवाजही नाही आणि दिवाही लागत नाही, तर दोष वीजपुरवठ्यात शोधावा. खालचा स्वर सुरू होऊन थांबतच नाही, तर वीज आहे पण प्रोसेसर कार्यप्रणाली चालवू शकत नाही. दोन्ही स्वर व्यवस्थित येतात पण पडदा कोरा राहतो, तर यंत्र आतून जिवंत असून दोष केवळ चित्राच्या वाटेवर आहे. चौथा प्रकार सर्वांत बोलका आहे. पडद्यावर यंत्राचे नाव उमटते आणि त्याखाली 'लँग्वेज?' असा प्रश्न येतो. याचा अर्थ प्रोसेसर, स्मृती, कार्यप्रणाली आणि चित्र हे सारे ठीक आहे. फक्त बेसिक भाषेची रॉम चिप यंत्राला सापडत नाही. येथे दुसरे काहीही उघडण्याची गरज नसते. ती एक चिप तपासली की पुरे.

चिपांचे पाय

खालचा स्वर थांबत नसेल, तर प्रोसेसर मेला असे अनुमान काढण्याची घाई करू नये. बहुतेक वेळा दोष त्याहून साधा असतो. या यंत्रातील मोठ्या चिपा पाटीवर थेट डाग देऊन बसविलेल्या नसून सॉकेटमध्ये खोचलेल्या असतात. यंत्र तापते तेव्हा धातू प्रसरण पावतो, निवते तेव्हा आकुंचन पावतो. हे हजारो वेळा घडल्यावर चिप सॉकेटमधून केसभर वर सरकते. शिवाय चिपांच्या पायांवरील मुलाम्यावर हवेमुळे काळा थर चढतो आणि विजेचा स्पर्श तुटतो.

प्रथम प्लग काढावा, जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज घालवावी आणि प्रत्येक चिप दोन्ही अंगठ्यांनी हलकेच पण ठामपणे दाबून बसवावी. एवढ्याने गुण आला नाही, तर चिप बाहेर काढावी. त्यासाठी चपटा स्क्रूड्रायव्हर दोन्ही टोकांकडून आळीपाळीने सरकवून ती थोडी थोडी उचलावी. एकाच बाजूने उचलल्यास पाय वाकतात. पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, काळा थर अधिक असल्यास मऊ खोडरबराने घासावेत. चिप परत बसविताना तिच्या एका टोकाशी असलेली खाच पूर्वीच्याच दिशेला आहे ना, हे कटाक्षाने पाहावे. उलटी बसविलेली चिप वीज मिळताच निकामी होऊ शकते. म्हणून काढण्यापूर्वीच मोबाइलवर छायाचित्र घ्यावे.

याच वेळी आणखी एक गोष्ट करावी. या यंत्रात अतिरिक्त रॉम चिपा बसविण्याची सोय होती आणि अनेक ठिकाणी लेखनाच्या किंवा डिस्क चालविण्याच्या चिपा बसविलेल्या असत. त्या सर्व तात्पुरत्या काढून केवळ कार्यप्रणाली आणि बेसिक या दोनच ठेवाव्यात. यंत्र सुरू झाले, तर काढलेल्या चिपा एकेक करून परत लावाव्यात. ज्या चिपेबरोबर दोष परतेल ती दोषी. काही चिपांच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असून तिच्यावर कागद चिकटविलेला असतो. तो कागद कधीही काढू नये. अतिनील प्रकाशाने त्या चिपेतील मजकूर पुसला जातो.

प्रोसेसरची नाडी

चिपा स्वच्छ करूनही यंत्र जागे होत नसेल, तर प्रोसेसरची नाडी पाहावी लागते. येथे ऑसिलोस्कोप किंवा निदान लॉजिक प्रोब हे साधन हवे. लॉजिक प्रोब स्वस्त असून त्याच्या दिव्यांवरून एखाद्या पायावर शून्य आहे, एक आहे, की तो सतत बदलतो आहे, एवढे समजते.

तीन पाय पाहावयाचे. चाळिसाव्या पायावर 'रिसेट' असतो. तो आरंभी क्षणभर शून्यावर राहून नंतर एकवर स्थिर झाला पाहिजे. तो शून्यावरच अडकला, तर प्रोसेसरला कोणीतरी थांबवून धरले आहे. सदतिसाव्या पायावर ठोके यावयास हवेत. सातव्या पायावर प्रत्येक आज्ञा उचलताना एक स्पंदन उमटते. ते नसेल तर प्रोसेसर आज्ञा वाचतच नाही.

ठोके नसल्यास दोष कोठे शोधावा, हे या यंत्राचे एक मार्मिक वैशिष्ट्य आहे. पाटीवरील स्फटिक सेकंदाला एक कोटी साठ लाख कंपने निर्माण करतो. ही कंपने विभागून प्रोसेसरसाठी वीस लाख ठोके तयार करण्याचे काम व्हिडिओ यूएलए नावाची चिप करते. वास्तविक ही चित्राची चिप. तिचे मुख्य काम पडद्यावर रंग उमटविण्याचे. परंतु रचनाकारांनी खर्च वाचविण्यासाठी ठोके देण्याचे कामही तिच्यावरच सोपविले. परिणामी चित्राची चिप बिघडली, की केवळ चित्र जात नाही तर प्रोसेसरच थांबतो. वरकरणी मेलेला दिसणारा प्रोसेसर पूर्ण निरोगी असतो. ज्याने यंत्राचा नकाशा अभ्यासला नाही तो नवा प्रोसेसर विकत आणतो, बसवितो आणि हताश होतो. लक्षण जेथे दिसते तेथेच कारण असेल असे नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

ही चिप चालू असताना बरीच तापते, म्हणून तिच्या पाठीवर उष्णता शोषणारी धातूची पट्टी असते. तापणे हा तिचा स्वभाव आहे, दोष नव्हे. मात्र यंत्र दहा-पंधरा मिनिटे नीट चालून मग अडखळत असेल, तर ती पट्टी सुटली आहे काय आणि चिपेचे पाय सॉकेटमध्ये घट्ट आहेत काय, हे आधी पाहावे.

स्मृतीतील दोष

मॉडेल बी मधील ३२ किलोबाइट स्मृती सोळा चिपांमध्ये वाटलेली आहे. आठ चिपांचा एक गट १६ किलोबाइट सांभाळतो. येथे वाटणी कशी केली आहे ते लक्षात घ्यावे. एका चिपेत एक अक्षर आणि दुसऱ्या चिपेत दुसरे, असे नसते. प्रत्येक अक्षर आठ बिटांचे असते आणि गटातील आठ चिपा त्याचा एकेक बिट सांभाळतात. त्यामुळे एक चिप बिघडली, तर काही अक्षरे पूर्णपणे नाहीशी होत नाहीत. सर्व अक्षरांमधील एकच बिट चुकतो.

खालच्या गटात दोष असल्यास यंत्र सुरूच होऊ शकत नाही, कारण प्रोसेसर आपली रोजची टिपणे तेथेच ठेवतो. वरच्या गटात पडद्यावरचा मजकूर साठविलेला असतो. तेथे दोष असेल, तर यंत्र बहुधा सुरू होते पण अक्षरे चुकतात, आणि ती चुकण्याला शिस्त असते. समजा, शेवटचा बिट सांभाळणारी चिप कायम शून्यच देते आहे. इंग्रजी 'बी' या अक्षराचा क्रमांक ६६ आहे, द्विमान पद्धतीत १००००१०. 'सी'चा क्रमांक ६७, म्हणजे १००००११. शेवटचा एक शून्य झाला, की 'सी'चा 'बी' होतो. मग पडद्यावर 'बीबीसी'च्या जागी 'बीबीबी' उमटते. 'ई'च्या जागी 'डी', 'ओ'च्या जागी 'एन' दिसते, परंतु सम क्रमांकाची अक्षरे जशीच्या तशी राहतात. द्विमान पद्धती वर्गात शिकविताना मुलांना ती निरुपयोगी वाटते. तीच पद्धती येथे आठ चिपांपैकी नेमकी कोणती बदलावयाची, हे बोट ठेवून दाखविते.

तरीही निर्णय देण्यापूर्वी दुसऱ्या संशयिताचा विचार व्हावयास हवा. स्मृतीतून चित्राच्या भागाकडे अक्षरे पोचविणारी एक मधली चिप असते. तिचा एक पाय अडकला, तरी पडद्यावर अशीच चूक दिसते. दोहोंतील फरक ओळखण्यासाठी बेसिकमधून स्मृतीच्या वरच्या भागात एका जागी ६७ हा अंक ठेवावा आणि लगेच तो परत वाचून छापावा. यंत्राने ६६ वाचला, तर स्मृतीची चिप दोषी. त्याने ६७ वाचला असेल, तर स्मृती निर्दोष आहे आणि दोष पुढच्या वाटेवर आहे. छापलेला अंकही त्याच चुकीच्या पडद्यावर उमटणार, हे ध्यानात ठेवावे. म्हणून यंत्रालाच विचारावे, की वाचलेला अंक ६७ असल्यास आवाज कर. आवाज डोळ्यांना फसवीत नाही.

स्मृतीच्या चिपा पाटीला थेट डाग देऊन बसविलेल्या असतात. दोषी चिप काढताना तिचे सोळाही पाय आधी कापून घ्यावेत आणि मग एकेक पाय तापवून काढावा. अखंड चिप ओढून काढण्याच्या प्रयत्नात पाटीवरील तांब्याच्या रेषा उखडतात, आणि तुटलेली रेषा ही बिघडलेल्या चिपेपेक्षा मोठी आपत्ती असते. रिकाम्या जागी सॉकेट बसवून त्यात नवी चिप खोचावी, म्हणजे पुढच्या दुरुस्तीला कापाकापी लागणार नाही.

चित्र आणि कळफलक

दोन्ही स्वर येऊन पडदा कोरा किंवा विस्कटलेला असेल, तेव्हा आधी पडदा आणि तार तपासावी. यंत्राच्या मागील बीएनसी सॉकेटमधून मूळ रचनेत कृष्णधवल चित्र मिळते. तेथे रंग न दिसणे हा दोष नव्हे. नंतर एक चाचणी करावी. सुरू होताना यंत्र 'मोड ७' या पद्धतीत असते आणि त्या पद्धतीतील अक्षरे एक स्वतंत्र चिप घडविते. पडदा दिसत नसला तरी कळफलकावर 'मोड १' ही आज्ञा लिहून रिटर्न दाबावे. चित्र स्वच्छ उमटले, तर दोष त्या अक्षरे घडविणाऱ्या चिपेत किंवा तिच्या सॉकेटमध्ये आहे. दोन्ही पद्धतींत चित्र नसेल, तर तो दोहोंना समान असलेल्या वाटेवर आहे.

कळफलकालाही हाच न्याय लागू पडतो. एकच कळ चालत नसेल, तर तिच्या संपर्कात धूळ किंवा गंज आहे; अल्कोहोलचा थेंब सोडून ती वीस-पंचवीस वेळा दाबावी. अनेक कळा एकदम बंद असतील, तर त्या एकाच ओळीच्या किंवा एकाच स्तंभाच्या तारेवर आहेत काय, हे पाहावे. तसे असल्यास कळा निर्दोष असून तारेत, जोडणीत किंवा त्या ओळीच्या चिपेत दोष आहे.

नोंदवही आणि सुटे भाग

दुरुस्तीच्या कामात मल्टिमीटरइतकेच महत्त्व साध्या वहीला आहे. दिनांक, मोजलेले व्होल्ट, केलेला बदल आणि त्यानंतर दिसलेले लक्षण अशा चार रकान्यांत नोंद करावी. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढे जावे. चार चिपा एकदम बदलून यंत्र सुरू झाले, तर आनंद होईल खरा, परंतु ते कशामुळे सुरू झाले हे कळणार नाही. मग तेच लक्षण दुसऱ्या यंत्रात दिसल्यावर पुन्हा चारही चिपा विकत घ्याव्या लागतील. जुन्या चिपांचा साठा मर्यादित असल्याने ही उधळपट्टी परवडणारी नाही. ६५०२ घराण्यातील प्रोसेसर आजही नव्याने तयार होतात. व्हिडिओ यूएलएसारखी खास या यंत्रासाठी घडविलेली चिप मात्र बहुधा दुसऱ्या जुन्या यंत्रातूनच मिळवावी लागते. म्हणून जे यंत्र खरोखरच सुरू होण्यासारखे नाही, तेही मोडीत न देता भागांसाठी जपून ठेवावे. जे भाग निरुपयोगी ठरतील ते कचऱ्यात टाकू नयेत, कारण जुन्या डागकामात शिसे असते. ते अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावेत.

एवढा खटाटोप करून मिळणार काय, असा प्रश्न पालकांच्या मनात येणे साहजिक आहे. बत्तीस किलोबाइटच्या यंत्रावर आजचे कोणतेही काम होणार नाही. परंतु आपल्या मुलांच्या हाती आज जी यंत्रे येतात ती बंद डबे आहेत. ती बिघडली की दुकानात जातात, आणि दुकानदार म्हणतो तोच दोष, तो सांगतो तीच किंमत. निवासी शाळेतील पुष्कळशी मुले अशा घरांतून येतात, जेथे यंत्र उघडून पाहण्याची संधी कधी मिळालेली नसते. उघडले तर बिघडेल आणि बिघडले तर पुन्हा घेता येणार नाही, ही भीती तेथे खरी असते. आधीच बंद असलेल्या यंत्रापाशी ही भीती उरत नाही. वीजपुरवठ्याचे काम तंत्रज्ञाने उरकल्यानंतर चार विद्यार्थी, एक मल्टिमीटर आणि एक वही एवढ्या सामग्रीवर दोषाचा माग काढता येतो. एखाद्या मुलीने 'बीबीबी' ही तीन अक्षरे पाहून सोळांपैकी नेमकी एक चिप दाखविली, तर पुढे कोणतेही यंत्र तिला गूढ वाटणार नाही.

यास्तव माजी विद्यार्थ्यांना आणि हितचिंतकांना एक विनंती आहे. आपल्या घरी, कार्यालयात किंवा परिचयाच्या शाळेत असा जुना संगणक असेल, तर तो विजेला न जोडता, न पुसता, आहे त्या स्थितीत शाळेकडे सुपूर्द करावा. त्याच्यासोबतच्या तारा, कॅसेटी, पुस्तिका, फार काय डब्यात पडलेले सुटे स्क्रूदेखील जपावेत. आपणांपैकी जे विद्युत् किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रात आहेत, त्यांनी सुट्टीतील एखादा दिवस काढून वीजपुरवठ्याची धातूची पेटी तेवढी तपासून द्यावी. पुढचे काम मुले करतील.